‘दुकान चालू आहे’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कादंबरीचा शेवटचा अध्याय टाकल्यापासून तुमचे निरोप थांबलेले नाहीत आणि त्यातले बरेच प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. सुरुवातीला अजून न वाचलेल्यांचे प्रश्न आहेत. प्रश्न ९ पासून पुढे कथानक उघडं पडतं, तेव्हा वाचून झालं नसेल तर तिथं थांबा.

१. ही कादंबरी आहे तरी कशाबद्दल?

ओंकार मंगळवार पेठेतला. शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशिन चालवतो आणि तालमीच्या फुटबॉल संघात पुढे खेळतो. समीर शिवाजी पेठेतला. दिवसभर गुजरीत वडिलांच्या दुकानात कोल्हापुरी साज गाठवतो आणि सामन्याच्या दिवशी समोरच्या संघाच्या गोलमध्ये उभा असतो. शाहू स्टेडियमवर समीरनं ओंकारची पेनल्टी अडवली, तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

रात्री मात्र दोघंही हेडसेट चढवून ‘नवखंड’ नावाच्या गेममध्ये शिरतात. तिथं वेगळ्या रूपात, वेगळ्या नावांनी त्यांची गाठ पडते आणि एका किल्ल्याच्या पायथ्याला भागीदारीत रश्श्याचं दुकान निघतं. तांबडा प्यायला की लढायची ताकद येते, पांढरा प्यायला की जखम भरते. दुकान जोरात चालतं, भागीदार प्रेमात पडतात, आणि आपला भागीदार खरा कोण हे दोघांनाही ठाऊक नसतं. अध्याय ३८ आहेत. ‘नवखंड’ हा गेम कुठल्याही स्टोअरवर शोधू नका, तो मी रचलेला आहे.

२. मी आयुष्यात कधी गेम खेळलेलो नाही. मला कळेल का?

कळेल. ‘लेव्हल’, ‘लॉगिन’, ‘अवतार’ एवढे तीन शब्द माहीत असले तरी पुरे. बाकी सगळं ओंकारच्या आईला समजावून सांगण्याच्या निमित्तानं येतं, आणि ती बाई न कळलेलं कळलं म्हणत नाही.

३. हेडसेट घातल्यावर नेमकं काय दिसतं? त्या खोलीतल्या प्रसंगांत मी गोंधळतो.

हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधायचा साधारण अर्ध्या किलोचा डबा. आत दोन्ही डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रं दिसतात, त्यामुळे समोरच्या गोष्टीला खोली येते. मान वळवली की चित्रही वळतं. हे वळणं डोक्याच्या हालचालीमागे साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त रेंगाळलं, तर आपण तिथं असल्याची भावना तुटायला लागते. हातात दोन कंट्रोलर असतात, ते आत गेल्यावर तुमचे हात होतात. कल्पना जुनी आहे. डोक्यावर बसवायचा असा पडदा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये करून दाखवला होता, आणि तो इतका जड होता की छताला टांगावा लागे.

ओंकारच्या खोलीचा आराखडा मी मुद्दाम अगदी नेमका दिला आहे. दहा बाय दहाची खोली, एका भिंतीला कॉट, दुसरीला गोदरेजचं कपाट, मधे जेमतेम सतरंजीएवढी मोकळी जागा. हेडसेटमध्ये आधी आपल्या जागेची सीमा आखून द्यावी लागते. तिच्या जवळ गेलं की गेममध्येच जाळीदार भिंत उभी राहते. छताचा पंखा मात्र त्या सीमेत मोजला जात नाही. म्हणून तलवार उगारायच्या आधी तो पंखा बंद करतो, आणि म्हणून एप्रिल-मेमधल्या प्रत्येक लढाईनंतर त्याचा बनियन पिळून काढावा लागतो. बॅटरी दोनेक तास टिकते. कादंबरीतली प्रत्येक भेट रात्री साडेअकराला सुरू होऊन दीडच्या सुमाराला अर्ध्या वाक्यात का तुटते, त्याचं कारण हे.

४. समीरला गेममध्ये उलट्या का होतात? तो आजारी आहे का?

नाही, ठणठणीत आहे. पन्हाळ्याच्या घाटात एसटीत मोबाईल वाचत बसलं की मळमळतं ना, त्याचाच हा उलटा प्रकार. एसटीत कानातला तोल सांगतो की आपण हलतोय आणि डोळे सांगतात की अक्षरं जागच्या जागी आहेत. हेडसेटमध्ये डोळ्यांना धावल्यासारखं दिसतं आणि शरीर मात्र सतरंजीवर उभं असतं. बऱ्याच जणांना हा त्रास सरावानं कमी होतो. सरकत जाण्याऐवजी एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी पोचायची सोय बहुतेक गेममध्ये असते, ती वापरली तरी बरं वाटतं. समीर खिशात आलेपाक ठेवतो. ओंकारला तो पहिल्यांदा ओळखू येतो तोही त्या आलेपाकाच्या कागदाच्या चुरचुरीवरून.

५. रोज तासन् तास बोलतात, तरी आवाजावरून ओळखत कसे नाहीत?

पहिलं कारण तांत्रिक आहे. गेममध्ये आवाज बदलायची सोय आहे आणि दोघंही ती वापरतात. ओंकारचा अवतार भीमाप्पा, म्हणजे रेड्याचं डोकं असलेला पैलवान, आवाज ढोलासारखा. समीरचा अवतार गोदाक्का, सत्तरीची, नऊवारीतली, कपाळावर आडवं कुंकू.

दुसरं कारण फक्त कोल्हापूरकरांना चटकन कळेल, आणि बाहेरच्या वाचकांचे सगळ्यात जास्त प्रश्न यावरच येतात. पुण्यात किंवा नागपुरात मुलगी ‘मी आले’ म्हणते, तिथंच गुपित फुटतं. आमच्याकडं आईही ‘आलो रे, थांब’ म्हणते, आत्याही ‘मी जातो आता’ म्हणते. त्यामुळे गोदाक्का ‘मी आलो, शटर उघड’ म्हणाली तरी आत बाई आहे की बाप्या, हे ओंकारला आठ अध्याय कळत नाही. हे कथानक कोल्हापूर सोडून दुसऱ्या गावात मला उभंच करता आलं नसतं.

६. गोदाक्का बाई आहे. मग ही गे प्रेमकथा कशी?

गोदाक्काच्या आत समीर आहे, आणि ओंकारचं प्रेम समीरवर आहे. अवतार घेणाऱ्याचं लिंग किंवा त्याची ओढ अवतारावरून ठरत नाही. पुष्कळ पुरुष गेममध्ये बाईचा अवतार घेतात, कुणी गंमत म्हणून, कुणी तो आवडला म्हणून. समीरनं तो घेतला कारण म्हाताऱ्या बाईशी कुणी भांडत नाही आणि त्याला शांतपणे रस्सा विकायचा असतो.

नवव्या अध्यायात तो सांगतो, “मी पोरगा हाय, तुला आधीच सांगतो.” भीमाप्पा जागच्या जागी थिजतो, डोक्यावर ‘म्यूट’ची खूण येते. इकडं खोलीत ओंकार कॉटवर बसून हेडसेटखालून डोळे पुसत असतो. मग म्यूट निघतं आणि तो म्हणतो, “बरं झालं.” सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला प्रसंग हाच. आधीच्या खर्ड्यांत ओंकार खूप बोलायचा, ते सगळं काढलं.

काही वाचकांनी विचारलं की समीर ट्रान्स आहे का. तो नाही. पण कादंबरीत गेममधल्या कोतवालीवरची रेवा आहे. तिला आतही आणि बाहेरही रेवाच म्हणतात, आणि ती कुणाच्याही विनोदाचा विषय होत नाही.

७. व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेटमधल्या आभासी जगात, मिठी मारता येते का? स्पर्श कळतो का?

घरगुती हेडसेटमध्ये खरा स्पर्श नसतो. कंट्रोलर थरथरतो, तेवढंच. माझ्या गेममध्ये एकाचा हात दुसऱ्याच्या हाताला टेकला की दोन्हीकडचे कंट्रोलर एकाच वेळी हलके थरथरतात. चौदाव्या अध्यायात दोघं दुकानाच्या फळीवर हात टेकवून गिऱ्हाईकाची वाट बघत बसतात आणि ती थरथर थांबत नाही, कारण हात कुणीच काढून घेत नाही. अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात प्रेमाचा प्रसंग माझ्या मते तोच आहे.

संमतीचा मुद्दा मी मनापासून घातला आहे. आभासी जगात अवताराच्या अंगाशी येऊन छळणारे लोक असतात. मेटा कंपनीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या व्हीआर जगांत अवतारांभोवती साधारण चार फुटांचं अंतर आपोआप राहील अशी सोय आणली. ‘नवखंड’मध्येही असं कडं आहे आणि ते ज्याचं त्यानंच उघडायचं. ओंकार विचारतो, समीर उघडतो. हे विचारणं मला कुठल्याही चुंबनापेक्षा गोड वाटतं.

८. विषय एवढा गंभीर, मग हलकीफुलकी का लिहिलीत?

हा प्रश्न कधी कौतुकानं येतो, कधी तक्रारीनं. माझं उत्तर दोघांना एकच.

मी वाढलो तेव्हा आमच्यासारखी माणसं गोष्टींत तीनच प्रकारे भेटायची. एक तर शेवटी मरायची, नाहीतर कुढत एखाद्या मुलीशी लग्न करायची, नाहीतर मनगट मुरडत प्रेक्षकांना हसवायला यायची. रंकाळ्याच्या कठड्यावर बसून दोन पोरं कुणाच्या भेळेत कांदा जास्त यावरून भांडतायत, एकमेकांवर जीव टाकतायत आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातायत, असं मला कुठं वाचायलाच मिळालं नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांचं आयुष्य मात्र बरंचसं असंच आहे. त्यात भीती आहे, घरचे ताण आहेत, आणि हसणंही भरपूर आहे. ते हसणं कागदावर आलंच नाही, तर सतरा वर्षांच्या पोराला वाटेल की आपल्या वाट्याला ते नाहीच.

लिहिताना एक नियम पाळला. कुणी पुरुषावर प्रेम करतो म्हणून या पुस्तकात एकदाही हसायचं नाही. हसायचं ते भागीदारीच्या हिशोबावर, पेनल्टीच्या जुन्या वादावर, आणि अकराव्या अध्यायातल्या त्या रात्रीवर. ओंकार हेडसेट घालून प्रेमाची कबुली घोकत असतो, दारात चहाचा कप घेऊन आई उभी, आणि तो हात पुढं करून म्हणतो, “तुझ्याशिवाय दुकानात मन लागत न्हाई.” आई म्हणते, “मग कामावर जात जा.”

९. शेवट सुखाचा आहे ना? आधीच सांगा, मग वाचतो.

सुखाचा आहे. कुणी मरत नाही, कुणाचं जबरदस्तीनं लग्न होत नाही. गेममध्ये मात्र ओंकार पुष्कळ वेळा मरतो.

१०. मग एकोणिसाव्या अध्यायात भीमाप्पा मेल्यावर परत का येत नाही?

गेमचे नियम चौथ्या अध्यायात येतात, पण तो भाग बरेच जण चाळतात. साधं मरण आलं की अवतार जवळच्या विहिरीतून पुन्हा निघतो. दुकान गहाण ठेवून पैज लावली असेल आणि त्यात हरला, तर तीन दिवस परत येता येत नाही. ओंकारनं समीरला न विचारता दुकान गहाण टाकलं होतं. त्या तीन दिवसांत गोदाक्का एकटी दुकान चालवते आणि खरा समीर खऱ्या कोल्हापुरात त्याला शोधायला लागतो. पुढचं सगळं यातून घडतं. ‘मित्राच्या आयडीवरून यायचं की’ असंही बऱ्याच जणांनी सुचवलं. दुकानाचं कुलूप मालकाच्या हातांच्या हालचाली ओळखतं, त्यामुळे ते जमत नाही.

११. शेवटी दोघं लग्न का करत नाहीत?

कारण गोष्ट आजच्या कोल्हापुरात घडते. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात निकाल दिला आणि प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो खटल्याच्या निकालात मिळाला नाही. तो निर्णय संसदेवर सोडला गेला. खोटं रजिस्टर लग्न दाखवून वाचकाची फसवणूक करायची नव्हती.

त्याऐवजी ते बँकेत जातात. अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला कुठलीही आडकाठी नाही. म्हणून शेवटच्या अध्यायात लक्ष्मीपुरीतल्या एका शाखेत दोघं फॉर्म भरतात. ‘नात्याचा प्रकार’ या रकान्यासमोर ओंकारचं पेन अडतं, समीर ते हातातून घेतो आणि ‘भागीदार’ लिहितो. काउंटरवरच्या बाई शिक्का मारतात आणि म्हणतात, “पुढचा.”

१२. ओंकारची आई फार सहज मान्य करते. असं होतं का खरंच?

सत्ताविसावा अध्याय तेवढाच वाचला तर तसं वाटू शकतं. त्यात ती पहिल्यांदा हेडसेट घालते, दुकानातला रस्सा बघते आणि म्हणते, “खोबरं भाजलं न्हाईस.” मग विचारते, “ही म्हातारी कोण?” आणि ओंकार सांगून टाकतो.

पण त्यानंतर चौतिसाव्या अध्यायापर्यंत ती त्याच्याशी बोलत नाही. डबा भरते, ओट्यावर ठेवते, आत निघून जाते. एके दिवशी डब्यात दोन माणसांच्या भाकऱ्या निघतात. समीरचे वडील तर शेवटपर्यंत मान्य करत नाहीत. ते साज गाठवताना पोराला शेजारी बसवून घेतात, एवढ्यावर मी त्यांना सोडलं आहे. सगळ्यांचं मतपरिवर्तन केलं असतं, तर ज्यांच्या घरात आज अबोला आहे त्यांना पुस्तक खोटं वाटलं असतं.

१३. कोल्हापूर कितपत खरं आहे? आणि तो किल्ला पन्हाळाच आहे ना?

रंकाळा, गंगावेशीतला दूध कट्टा, बिंदू चौक, पंचगंगेचा घाट, खासबाग मैदान, शाहू स्टेडियम, सगळं जागच्या जागी आहे. पेठांमधली फुटबॉलची चुरस तर मी कमीच रंगवली. दोन्ही तालमींची नावं मात्र कल्पनेतली आहेत, म्हणजे कुणाच्या पाठीराख्यांना वाईट वाटायला नको. मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड का, पाव का नाही, असं मुंबईच्या वाचकांनी विचारलंय. आमच्याकडं तशीच मिळते.

किल्ला पन्हाळा नाही. तिथं १६६० चा वेढा आहे, बाजीप्रभूंची वाट तिथूनच सुरू होते, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले त्यातला तो एक आहे. त्याच्या पायथ्याशी रेडेमुंडी पैलवान आणि राक्षसांच्या लढाया लावणं माझ्या मनाला पटलं नाही. अंबरखान्याची तीन कोठारं, गंगा, यमुना, सरस्वती, मला फार आवडतात, म्हणून गेममधल्या दुकानामागे तीन कोठारं ठेवली आहेत. उसनं घेतलं ते एवढंच.

१४. लेखक स्वतः गे आहे का?

हो.

१५. कुठल्या वयाच्या वाचकांसाठी आहे? ‘तसे’ प्रसंग आहेत का?

सोळा वर्षांपुढच्या कुणीही वाचावी. दोघंही पात्रं पंचविशी ओलांडलेली आहेत. चुंबन आहे, प्रत्यक्षातलं, बत्तिसाव्या अध्यायात, पावसात, समीरच्या दुचाकीला टेकून. त्यापुढं दार लागतं. गेममध्ये अठराच्या खालचेही खेळाडू असतात, म्हणून ‘नवखंड’मधल्या प्रेमाच्या सगळ्या भेटी फक्त प्रौढांसाठी असलेल्या भागात ठेवल्या आहेत. त्या भागाची राखण रेवा करते (प्रश्न ६).

१६. घरात एकच फोन आहे. कुणाला न कळता कसं वाचू?

हे विचारणाऱ्यांसाठीच मुखपृष्ठावर फक्त रश्श्याचं पातेलं आहे आणि नाव दुकानाच्या पाटीसारखं. ब्राउझरची खाजगी विंडो उघडून वाचा आणि संपल्यावर बंद करा. फाइल उतरवून घेतली असेल तर ती ‘डाउनलोड्स’मध्ये दिसते, तेवढी पुसा. मित्राच्या फोनवर वाचलं तरी चालेल. घाई करू नका, पुस्तक कुठं जात नाही.

आणि कादंबरीपलीकडचं एक. मन फार जड झालं, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, दिवसरात्र चालू, आणि मराठीत बोलता येतं. अठराच्या आत असाल तर १०९८ ही आहे.

१७. मीही ऑनलाइन गेममध्ये एकाच्या प्रेमात पडलोय. त्याला भेटू का?

तुमचा आनंद मला कळतो. तरीही चार गोष्टी सांगतो. आधी व्हिडिओ कॉलवर चेहरा बघा. पहिली भेट गर्दीच्या जागी, दिवसाउजेडी. रंकाळा चौपाटी संध्याकाळी पाचला उत्तम. कुठं चाललाय ते निदान एका विश्वासातल्या माणसाला सांगून जा. आणि न भेटलेल्या माणसाला स्वतःचे खाजगी फोटो पाठवू नका.

फोटो किंवा ओळख उघड करायची धमकी देऊन पैसे मागणाऱ्या टोळ्या खरंच आहेत आणि त्या आपल्या लाजेवर जगतात. असं झालं तर पैसे देऊ नका, संभाषण पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. धमकावून पैसे उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालची खंडणी आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. २०१८ नंतर तुमचं गे असणं गुन्हा नाही (प्रश्न ११), तेव्हा तक्रार करायला घाबरू नका.

१८. मी मुलगी आहे / स्ट्रेट आहे. वाचली तर चालेल का?

वाचा की. पेनल्टीचा वाद सगळ्यांसाठी आहे.

१९. या पात्रांवर मी पुढची गोष्ट लिहू का? कॉलेजच्या स्नेहसंमेलनात प्रवेश केला तर?

लिहा. पैसे न घेता, मूळ कादंबरीचा उल्लेख करून, दोघांना वेगळं न करता आणि प्रश्न ८ मधला नियम पाळून. कॉलेजात प्रवेश करायचा असेल तर आधी निरोप पाठवा, बहुधा हो म्हणेन आणि संवादही छोटे करून देईन. छापून विकायचं, सिनेमा किंवा मालिका करायची, तर लेखी परवानगी लागेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो.

२०. दुसरा भाग येणार का?

लिहितोय. दुकानाची दुसरी शाखा निघते, समीर ओंकारच्या तालमीविरुद्ध अंतिम सामना खेळतो, आणि ओंकारच्या आईनं आता स्वतःचा अवतार घेतला आहे. रेवाला यावेळी स्वतःची गोष्ट आहे. तयार झालं की इथंच टाकेन, तोवर तारीख विचारू नका.